आउटबोर्ड मोटरचे सुटे भाग आणि दुरुस्तीविषयक माहिती

आउटबोर्ड मोटर म्हणजे लहान बोटीच्या मागील फळीवर बाहेरून अडकविले जाणारे, इंजिन, उभा दांडा, गिअर आणि पंखा एकाच सांगाड्यात असलेले स्वयंपूर्ण चालनयंत्र होय. कोळीवाड्यांत आणि सरकारी कागदपत्रांत तिचा उल्लेख बहुधा ‘ओबीएम’ असा होतो. ही मोटर योग्य निगा राखल्यास कित्येक दशके चालते. मात्र तिचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती तितका काळ उपलब्ध राहतेच असे नाही. कंपन्यांची विक्री व विलीनीकरणे, एकाच मोटरची अनेक नावांनी झालेली विक्री, भागांच्या बदलत जाणाऱ्या क्रमांकपद्धती आणि अलीकडे निदानासाठी लागणाऱ्या संगणक प्रणाली यांमुळे हा प्रश्न जगभर निर्माण झाला आहे. हौशी नौकाधारकाच्या दृष्टीने ही गैरसोय असते. किनाऱ्यापासून काही मैलांवर एकाच मोटरवर विसंबून असलेल्या मच्छीमाराचे मात्र त्यावर पोट, आणि वारा फिरला तर जीवही, अवलंबून असतो.

मोटरची रचना व लवकर झिजणारे भाग

आउटबोर्ड मोटरचे स्थूलमानाने तीन विभाग पडतात. वर इंजिन, मधे उभा दांडा व धूर बाहेर नेणारा पोकळ खांब, आणि पाण्याखाली गिअरपेटी व पंखा. इंजिन थंड ठेवण्यासाठी बाहेरचेच पाणी खेचून घेतले जाते. हे काम गिअरपेटीच्या वर बसविलेला पंप करतो व त्यात रबराच्या पाकळ्यांचे एक छोटे चक्र असते, त्याला इम्पेलर म्हणतात. मोटर सुरू असताना मागून पाण्याची बारीक धार पडते ती या पंपाचे काम नीट चालल्याची खूण होय. धार थांबली आणि मोटर तशीच चालू ठेवली, तर काही मिनिटांत सिलिंडर तापून पिस्टन जाम होऊ शकतो. इम्पेलर पाण्याविना फिरला तर लगेच खराब होतो. वर्षभर न वापरता पडून राहिला तरी त्याच्या पाकळ्या एकाच बाजूस वाकून ताठर होतात. म्हणून हा भाग दर एक-दोन वर्षांनी बदलावा लागतो. मोटरच्या किमतीच्या मानाने तो अगदी स्वस्त असतो. तो वेळेवर न मिळाल्यास मात्र संपूर्ण इंजिन गमावण्याची वेळ येते.

लहान मोटरींत पंख्याच्या दांड्यात एक मऊ धातूची खीळ घातलेली असते. पंखा खडकावर किंवा ओंडक्यावर आदळला की ही खीळ तुटते आणि गिअर वाचतात. तुटणे हेच तिचे काम असते. योग्य खीळ हाताशी नसली की अनेकदा तिच्या जागी पोलादी खिळा ठोकला जातो. पुढच्या धडकेत मग खिळा शाबूत राहतो आणि गिअरचे दात तुटतात. याखेरीज तेलसील, कार्ब्युरेटरचे गॅस्केट, इंधनाची रबरी नळी, स्पार्क प्लग, ठिणगी निर्माण करणारी कॉइल आणि गंजापासून संरक्षणासाठी लावलेली जस्ताची वडी यांची मागणी नेहमी राहते. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात बसविलेले स्टेनलेस पोलादाचे बोल्ट धरून बसतात. ते सोडविताना तुटतात आणि मूळ कामापेक्षा हेच काम मोठे होऊन बसते. जाणकार कारागीर असे बोल्ट आधी तापवून मगच पान्याला हात घालतात.

कंपन्यांचा इतिहास आणि हरवलेली घराणी

नॉर्वेत जन्मलेले ओल एव्हिनरूड यांनी अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९०९ मध्ये आउटबोर्ड मोटरची व्यापारी विक्री सुरू केली. एव्हिनरूड, एल्टो व लॉकवुड ही नावे १९२९ मध्ये एका छत्राखाली आली आणि पुढील दशकात जॉन्सन ही प्रतिस्पर्धी कंपनीही त्यात सामील झाली. यातून पुढे आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन (ओएमसी) हा उद्योगसमूह उभा राहिला. एव्हिनरूड आणि जॉन्सन या मोटरी दीर्घकाळ आतून जवळपास सारख्या व बाहेरून निराळ्या रंगाच्या असत. त्यामुळे एका नावाचा भाग न मिळाल्यास दुसऱ्या नावाच्या मोटरचा भाग चालतो, ही गोष्ट जुन्या कारागिरांना ठाऊक असते. नव्या ग्राहकाला मात्र ती कोणी सांगत नाही.

डिसेंबर २००० मध्ये ओएमसीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढील वर्षी तिचा इंजिन विभाग कॅनडाच्या बंबार्डिए कंपनीकडे गेला व बोटींचा विभाग जेन्मार कंपनीने घेतला. बंबार्डिएचा करमणूक वाहनांचा विभाग २००३ मध्ये बीआरपी या स्वतंत्र कंपनीच्या रूपात वेगळा झाला. पुढे जॉन्सन हे नाव बाजारातून हळूहळू मागे घेण्यात आले आणि मे २०२० मध्ये बीआरपीने एव्हिनरूड मोटरींचे उत्पादनही थांबविल्याचे जाहीर केले. आधी विकलेल्या मोटरींसाठी भाग व हमीची सेवा चालू ठेवण्याचे आश्वासन कंपनीने दिले. अशी आश्वासने बहुतांशी पाळलीही जातात. तथापि कोणत्याही कंपनीला तिच्या सर्वात जुन्या मोटरींचे कमी खपाचे भाग पुन्हा ओतून घेणे परवडत नाही. साठा संपला की यादीत त्या क्रमांकापुढे ‘यापुढे उपलब्ध नाही’ असा शेरा पडतो.

याहून गुंतागुंतीचे उदाहरण क्रायस्लर मोटरींचे आहे. वेस्ट बेंड या कंपनीचा आउटबोर्ड व्यवसाय १९६५ मध्ये मोटारगाड्या बनविणाऱ्या क्रायस्लरने घेतला. १९८४ मध्ये तो बेलायनर या बोट-उत्पादकाकडे गेला आणि मोटरींचे नाव ‘फोर्स’ झाले. १९८६ मध्ये ब्रुन्सविक समूहाने बेलायनर विकत घेतली. मर्क्युरी मोटरी बनविणारी कंपनी १९६१ पासूनच ब्रुन्सविककडे होती, त्यामुळे फोर्सची जबाबदारी मर्क्युरीवर आली व अखेर ते नावही बंद झाले. परिणामी १९७५ च्या क्रायस्लर मोटरचा मालक भाग शोधू लागला, तर त्याला चार नावांच्या याद्या चाळाव्या लागतात. त्यांतील प्रत्येक यादीत त्याच भागाला वेगळा क्रमांक असण्याची शक्यता असते.

दुकानांच्या नावाने विकलेल्या मोटरींची कथा निराळीच आहे. अमेरिकेत सिअर्स आणि मॉन्टगोमेरी वॉर्ड या मोठ्या दुकानसाखळ्या स्वतः मोटरी बनवीत नसत. दुसऱ्याकडून बनवून घेतलेल्या मोटरींवर त्या स्वतःचे नाव लावीत. मॉन्टगोमेरी वॉर्डच्या ‘सी किंग’ मोटरींपैकी अनेक ओएमसीच्या गेल विभागात तयार झालेल्या होत्या, तर सिअर्सच्या अनेक मोटरी एस्का कंपनीच्या असून त्यांवर टेकमसेचे इंजिन बसविलेले असे. अशा मोटरचा भाग शोधताना झाकणावरचे नाव निरुपयोगी ठरते आणि खरा निर्माता कोण हे आधी शोधून काढावे लागते. हा प्रकार केवळ जुन्या काळापुरता नाही. जपानमधील तोहात्सु कंपनीने बनविलेल्या लहान मोटरी मर्क्युरी व निस्सान या नावांनीही विकल्या गेल्या आहेत. एकच इम्पेलर तीन वेष्टनांत तीन किमतींना मिळतो, तो यामुळे.

ब्रिटनमधील ब्रिटिश सीगल मोटरीची गोष्ट मात्र उलट आहे. डॉर्सेटमधील पूल येथे बनणाऱ्या या दोरीने सुरू करावयाच्या ओबडधोबड मोटरीचे उत्पादन १९९० च्या दशकात थांबले. असे असूनही तिचे भाग मिळविणे तुलनेने सोपे राहिले आहे, कारण रचना अनेक दशके फारशी बदलली नाही, भागांची संख्या कमी आहे व कित्येक भाग साध्या लेथवर तयार करता येतात.

मोटरची ओळख पटविणे

भाग मागविताना ‘१५ अश्वशक्तीची यामाहा’ किंवा ‘जुनी जॉन्सन’ एवढे वर्णन पुरत नाही. एकाच अश्वशक्तीच्या मोटरीत दोन वर्षांत कार्ब्युरेटर बदललेला असू शकतो. नमुना क्रमांक आणि अनुक्रमांक कोरलेली पट्टी बहुधा मोटर बोटीला पकडून ठेवणाऱ्या शिकंजावर असते. नेमका हाच भाग सर्वाधिक घासला जातो व खाऱ्या पाण्यात भिजतो, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांत पट्टी वाचता येत नाही किंवा गळून पडते. ओएमसीच्या अनेक मोटरींत हा क्रमांक इंजिनाच्या ठोकळ्यावरील एका गोल धातूच्या चकतीवरही उठविलेला असे. पट्टी गेली तरी ती चकती शाबूत सापडते.

ओएमसीने १९८० पासून उत्पादनाचे वर्ष सांगण्यासाठी एक सांकेतिक शब्द वापरला. ‘इंट्रोड्यूसेस’ या इंग्रजी शब्दातील दहा अक्षरे क्रमाने १ ते ९ आणि ० या अंकांसाठी घेतली जात. म्हणजे आय १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९ आणि एस ०. नमुना क्रमांकातील शेवटच्या अक्षराआधी येणारी दोन अक्षरे वर्ष दर्शवितात. तेथे ‘सीडी’ असेल तर मोटर १९८६ ची आणि ‘ईआय’ असेल तर १९९१ ची समजावी. ही किल्ली ठाऊक नसलेल्या मालकाने विक्रेत्याने सांगितलेल्या वर्षावर विसंबून भाग मागविला, तर चुकीचा भाग येण्याची शक्यता बरीच असते. वापरलेल्या मोटरींच्या व्यवहारात सांगितलेले वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सहसा अलीकडचेच असते.

यामाहाच्या भागांचे क्रमांक वेगळ्या तर्काने बांधलेले आहेत. पहिली तीन चिन्हे तो भाग मुळात ज्या मोटरीसाठी आखला गेला तिची खूण असतात, तर मधले पाच अंक भागाचा प्रकार सांगतात. उदाहरणार्थ, ४४३५२ हे अंक इम्पेलरचे होत. ‘६३व्ही-४४३५२’ हा ९.९ व १५ अश्वशक्तीच्या मोटरींच्या घराण्यातील इम्पेलर, तर ‘६एच३-४४३५२’ हा त्याहून मोठ्या मोटरींचा. शेवटचे अंक सुधारित आवृत्ती दर्शवितात. मर्क्युरीच्या बाबतीत मात्र अनुक्रमांक हाच मुख्य आधार असतो व यादीत ‘या अनुक्रमांकापासून त्या अनुक्रमांकापर्यंत’ अशी विभागणी केलेली आढळते.

भागात सुधारणा झाली की जुना क्रमांक रद्द होऊन त्याजागी नवा येतो. काही भागांच्या बाबतीत असे तीन-चार वेळा होते. पंधरा वर्षांपूर्वीच्या छापील यादीतील क्रमांक दुकानात सांगितल्यास ‘असा भाग नाही’ असे उत्तर मिळते. प्रत्यक्षात तोच भाग मागच्या फडताळात नव्या क्रमांकाने ठेवलेला असू शकतो. दुकानदाराने क्रमांकांची साखळी शोधण्याची तसदी घेतली तरच तो हाती लागतो.

माहितीचे प्रकार

मोटरीबरोबर मिळणारी वापर-पुस्तिका, भागांची सचित्र यादी आणि कारखान्याची दुरुस्ती-पुस्तिका या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. त्यांची गल्लत केल्यामुळे अनेकांचा पैसा वाया जातो. वापर-पुस्तिकेत इंधन-तेलाचे प्रमाण, सुरू करण्याची रीत व किरकोळ देखभाल असते. भागांच्या यादीत प्रत्येक जोडणीचे सुटे सुटे मांडलेले चित्र असून त्यावरून कोणता वॉशर कोठे बसतो हे कळते, परंतु बोल्ट किती जोराने आवळावा हे कळत नाही. ती माहिती, विद्युतमंडलाच्या आकृत्या, गिअरमधील अंतरे व खास हत्यारांची नावे केवळ दुरुस्ती-पुस्तिकेत असतात. ही पुस्तिका प्राधान्याने अधिकृत सेवा केंद्रांसाठी छापली जाते आणि तिची किंमत लहान मोटरीच्या मालकाला जड वाटावी अशी असते. क्लायमर आणि सेलॉक यांसारख्या स्वतंत्र प्रकाशकांच्या पुस्तिका स्वस्त पडतात. मात्र त्या अनेक वर्षांचे व अनेक नमुने एकत्र घेतात, त्यामुळे आपल्या मोटरीला लागू पडणारा तपशील वाचकाला त्यातून निवडावा लागतो. शिवाय अमेरिकेत न विकले गेलेले नमुने त्यांत बहुधा नसतात. रॉकेलवर चालणाऱ्या मोटरी, म्हणजे आशिया व आफ्रिकेतील मच्छीमार वापरतात त्याच, नेमक्या या वर्गात मोडतात.

हत्यारांचा प्रश्नही माहितीशी जोडलेला आहे. फ्लायव्हील काढण्यासाठी मधल्या दांड्यावर दाब देऊन चाक वर ओढणारा पुलर लागतो. तो नसल्यास हातोडीचा उपयोग होतो आणि दांड्याची टोके किंवा फ्लायव्हीलच्या आतील चुंबके दगावतात. जुन्या अमेरिकी मोटरींचे आटे इंचाच्या मापाचे असतात, तर जपानी मोटरींचे मिलिमीटरच्या. सुताच्या मापाचे पाने वापरणाऱ्या गॅरेजात जपानी मोटर गेली की नटांच्या कडा गोल होऊन परत येतात.

संगणकीय निदान

इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या व चार-स्ट्रोक मोटरी आल्यापासून बिघाड शोधण्याचे काम पान्यापेक्षा संगणकावर अधिक अवलंबून राहू लागले. मर्क्युरी, यामाहा, सुझुकी व एव्हिनरूड या प्रत्येकीची निदान प्रणाली आणि तिची जोडतार स्वतंत्र आहे. एव्हिनरूडच्या ई-टेक मोटरीत तर नुसता फवारा बदलून भागत नाही. प्रत्येक फवाऱ्याच्या मोजमापाची माहिती वेगळी असते व ती मोटरीच्या नियंत्रकात भरावी लागते. ती न भरल्यास नवा भाग असूनही मोटर नीट चालत नाही. म्हणजे येथे सुटा भाग आणि माहिती या गोष्टी वेगळ्या उरलेल्या नाहीत.

अमेरिकेत प्रताधिकार कायद्यातील तांत्रिक कुलूप तोडण्यास असलेल्या मनाईतून दुरुस्तीसाठी सूट दिली जाते. २०२१ मधील फेरआढाव्यात ही सूट जमिनीवरील वाहनांबरोबर जलयानांनाही लागू करण्यात आली. तिच्यामुळे मालकाला कुलूप तोडण्याची परवानगी मिळाली. किल्ली पुरविण्याचे बंधन मात्र उत्पादकावर आले नाही. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व त्याच वर्षी एक पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारगाड्या ही त्यातील प्रमुख क्षेत्रे होत. मासेमारीच्या मोटरींचा यांत वेगळा वर्ग नाही.

पर्यायी भाग व स्थानिक तोडगे

मूळ कंपनीखेरीज इतर उत्पादकही भाग बनवितात. अमेरिकेत सिएरा ही कंपनी पंप, गॅस्केट व इंधनविषयक भागांसाठी, तर सीडीआय इलेक्ट्रॉनिक्स ही प्रज्वलनाच्या विद्युतभागांसाठी परिचित आहे. जुन्या मोटरींच्या कॉइलवरील आवरण कालांतराने तडकते व ओलावा शिरून ठिणगी बंद होते. अशा कॉइल या पर्यायी उत्पादकांमुळेच आजही मिळतात.

बेअरिंग आणि तेलसील यांच्या बाबतीत पुष्कळदा मोटरच्या नावाची गरजही नसते. बेअरिंगवर उठविलेला क्रमांक आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार असतो. सीलची आतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी अशी तीन मापे घेतली की ते सर्वसाधारण बाजारात मिळू शकते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरील बेअरिंग व यंत्रसाहित्याच्या दुकानांत, तसेच जहाजतोडणीतून निघालेल्या सामानासाठी दारूखान्यात असा शोध घेतला जातो. मात्र पाण्याखाली वापरावयाच्या सीलला खाऱ्या पाण्यात टिकणारी स्प्रिंग लागते. केवळ माप जुळते म्हणून बसविलेले साधे सील काही महिन्यांत गिअरच्या तेलात पाणी सोडते. तेल दुधट पांढरे झालेले दिसले की असे घडले आहे असे समजावे. तुटलेला ॲल्युमिनियमचा सांगाडा आर्गन वेल्डिंगने जोडता येतो, पण गिअरचे दात आणि रबरी इम्पेलर यांना असा समाधानकारक तोडगा नाही.

भारतातील स्थिती

भारतात आउटबोर्ड मोटरींचा सर्वाधिक परिचित वापर केरळ व तमिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाकडी व फायबरच्या होड्यांत होतो. १९८० च्या दशकात येथे मोटरींचा झपाट्याने प्रसार झाला आणि सुझुकी व यामाहा ही जपानी नावे रूढ झाली. या मोटरी पेट्रोलवर सुरू करून नंतर रॉकेलवर चालविल्या जातात. रॉकेलमुळे काजळी अधिक धरते, प्लग वारंवार बदलावे लागतात व इंजिनाचे आयुष्य घटते. साहजिकच सुट्या भागांचा खप मोठा आहे. या गरजेतून मच्छीमारांच्या संस्थांनीच सेवा व भागपुरवठ्याची व्यवस्था उभी केली. केरळची मत्स्यफेड ही सहकारी महासंघ संस्था आणि तिरुवनंतपुरमस्थित दक्षिण भारतीय मच्छीमार सोसायट्यांचा महासंघ, म्हणजेच सिफ्स, ही त्याची उदाहरणे होत. एकाच नमुन्याच्या शेकडो मोटरी एका किनाऱ्यावर असल्या की भागांचा साठा ठेवणे परवडते आणि गावातला कारागीरही त्या मोटरीत तरबेज होतो.

महाराष्ट्रात परिस्थिती वेगळी आहे. येथील मोठ्या मासेमारी नौकांत बोटीच्या आत बसविलेली डिझेल इंजिने वापरली जातात. त्यांतील अनेक मालमोटारींच्या इंजिनांवरून तयार केलेली असल्याने त्यांचे भाग व कारागीर महामार्गावरच्या गॅरेजातही सापडतात. आउटबोर्ड मोटरी खाडीतील व किनाऱ्यालगतच्या लहान होड्या, पर्यटकांना फिरविणाऱ्या नौका आणि आपत्ती निवारण पथकांच्या रबरी बोटी यांवर विखुरलेल्या आहेत. नमुने अनेक व प्रत्येकाची संख्या थोडी, त्यामुळे स्थानिक दुकानदाराला साठा ठेवणे परवडत नाही. भाग आयात होऊन येईपर्यंत होडी वाळूवर पडून राहते व हंगाम निघून जातो.

२०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत आलेल्या महापुरात आउटबोर्ड मोटर लावलेल्या रबरी बोटींतून मोठ्या प्रमाणावर बचावकार्य झाले. अशा कामासाठी राखून ठेवलेल्या मोटरींना वापरापेक्षा न वापरण्याचाच त्रास अधिक होतो. टाकीत व कार्ब्युरेटरमध्ये राहिलेल्या पेट्रोलचा डिंक होतो, इम्पेलर ताठरतो आणि दोष पाणी चढल्यावरच लक्षात येतो. पावसाळ्यापूर्वी पिंपातील पाण्यात मोटर चालवून पाहणे व इम्पेलर, प्लग आणि इंधननळी यांचा एक संच बोटीबरोबरच ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे.

२०२३ पासून देशातील पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले. आउटबोर्ड मोटरींचे उत्पादक सामान्यतः १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणास मान्यता देतात. इथेनॉल पाणी शोषून घेते. बोटीची टाकी दमट हवेत असल्याने त्यात पाणी वाढून ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते व मोटर बंद पडते. जुन्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरची गॅस्केटे त्यामुळे फुगतात किंवा झिरपू लागतात. अशा मोटरींसाठी इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या नळ्या व पाणी वेगळे करणारी गाळणी बसविली जाते. तीस वर्षांपूर्वीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाचा विचार बहुधा केलेला नसतो.